मापाची सायकल

१

शेखर वैरागडेचा कोणताही छंद तीन महिन्यांच्या पुढे गेला नव्हता. बासरी आली आणि माळ्यावर गेली. कुंडीतलं बुटकं झाड आणलं, ते ताडमाड वाढलं. त्यामुळे एका संध्याकाळी चहा पिता पिता त्यानं, "मी सायकल घेऊन राहिलो," असं जाहीर केलं, तेव्हा लतानं शिलाई मशीनचं चाकसुद्धा थांबवलं नाही.

"कोणती? ते पोट्टे मान खाली घालून चालवतात, तशी?"

"रोड बाइक म्हणतात तिले. अन् साधीसुधी नाही. ऑर्डरची आहे. कारागिरानं एका माणसाचं माप घेऊन हातानं जोडली फ्रेम."

"तुमचं माप कधी घेतलं त्यानं?"

"माझं कुठून घेईन? जुनी आहे ना. सेकंडहँड."

आता मात्र मशीन थांबलं. लता रेल्वे क्वार्टरच्या पुढच्या खोलीत कपडे शिवायची. अर्ध्या कॉलनीचे खांदे आणि कंबरा तिच्या वहीत होत्या. एकोणीस वर्षांत नवऱ्याचा एकही शर्ट तिनं बाहेरून शिवून घेतला नव्हता.

"म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा शर्ट विकत घेऊन राहिले तुम्ही."

"शर्ट नाही व, सायकल आहे. डॉक्टर काय म्हणाले, विसरली का? शुगर."

शेखर रायपूरच्या रेल्वे कारखान्यात वॅगन तपासायचा. सेहेचाळीस वर्षांचा, पाच फूट चार इंच, पोटानं गोल आणि डोक्यावर मागे छोटंसं टक्कल. बारावीतली देवश्री आतून ओरडली, "मम्मी, लेने दो ना! पापा हेल्मेट में क्यूट लगेंगे." पोरीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर ती हिंदीतच द्यायची. दोघं एका बाजूला झाल्यावर लताचं काय चालणार? रविवारी अभनपूरला जायचं ठरलं.

२

अभनपूरच्या बाजारामागे सायकल विकणाऱ्या यशवंतरावांचं घर होतं. माणूस साठीचा, चणीनं लहान, बोलायला गोड. लताची नजर सवयीनं आधी शर्टावर गेली. शर्ट चांगल्या शिंप्याचा होता, कॉलर अशी की तिनं मनातल्या मनात दाद दिली. पण खांद्याची शिवण दंडावर उतरली होती आणि बाह्या दोनदा दुमडलेल्या होत्या. आजारपणात माणूस बारीक होतो, हे तिला माहीत होतं. हात आखूड झालेला तिनं कधी पाहिला नव्हता. असेल थोरल्या भावाचा, असं म्हणून तिनं विषय सोडला.

त्यांच्या बायकोनं, शांताबाईंनी, चहा आणला. पाहुण्यांना कप हातात दिले. यशवंतरावांचा कप मात्र त्यांनी स्टुलावर ठेवला. घरात रंग द्यायला आलेल्या माणसाचा ठेवतात, तसा.

सायकल मागच्या पडवीत होती. टायर गेलेले, चेन गंजलेली, पण फ्रेम बघून शेखरचा चेहरा लहान पोरासारखा उजळला. हिरवट निळा रंग, नळ्यांचे जोड इतके साफ की बोट फिरवलं तरी कळू नये. शांताबाईंनी घडी केलेला एक कागद आणून दिला. सीटची उंची, सीटपासून हँडलचं अंतर, हँडलचा उतार, सगळी मापं शाईनं लिहिलेली. अक्षर बाईचं होतं.

"मधे एकदा सायकल नाहीशी झाली होती, मग फाटकाशी रिकामीच उभी मिळाली; मापं मात्र आहेत तशीच ठेवली आम्ही," यशवंतराव म्हणाले. "तुम्ही कारखान्यातले, तुम्हाला काय सांगायचं."

माल-ऑटोत सायकल चढवली, तेव्हा शांताबाई हळदकुंकवाची कुयरी आणि दह्याची वाटी घेऊन बाहेर आल्या. हँडलला कुंकवाचं बोट लावलं, सीटवर दह्याचा ठिपका ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "सांभाळून जा हो. वेळेवर जेवत जा."

"जेवूनच निघालो होतो काकू," लता हसून म्हणाली.

शांताबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती तिथे उभी आहे हे त्यांना आत्ताच कळलं होतं.

३

पुढचे तीन आठवडे वैरागड्यांच्या व्हरांड्यात चालणं मुश्कील झालं. चाकं आली, टायर आले, ब्रेकच्या केबल आल्या. कारखान्यातून आला की शेखर लुंगी गुंडाळून बसायचा आणि स्पोक छेडून कान लावून ऐकायचा. उरल्याच्या लोखंडाच्या कारखान्यांकडून काळी धूळ रोज येऊन बसायची, ती तो फ्रेमवरून देवाच्या मूर्तीसारखी पुसायचा. हँडलवर गुंडाळायची पट्टी लतानं निवडली, मरून रंगाची. शेखरनं गुंडाळली ती सुटली; मग तिनं स्वतः बसून अशी गुंडाळली की गळ्याला पायपिंग लावणाऱ्या शिंपिणीनंही पाहत राहावं. खरं सांगायचं तर तिलाही मजा येत होती. माणूस घरात गुणगुणत होता, आणि गेल्या कित्येक वर्षांत तो घरात गुणगुणला नव्हता.

भांडण झालं ते फक्त सीटवरून. सायकल उभी राहिली, शेखर बसला, तर पाय पॅडलला जेमतेम अंगठ्यानं लागत होते. हँडल गाठायला तो असा ओणवा झाला होता की देवश्रीनं फोटोच काढला.

"सीट खाली घ्या," लता म्हणाली.

"कागदावर काय लिहिलं आहे?"

"कागद गेला चुलीत. पाय तुमचे आहेत ना?"

"लता, पंचवीस वर्षं झाली मले. ड्रॉइंगमध्ये जे आहे, ते आहे. रुळाचं माप कोणी बदलते का? गाडीनं जुळवून घ्यायचं असते."

लताच्या धंद्यात नेमकं उलटं होतं. अंग आहे ते आहे, कापडानं जुळवून घ्यायचं. पण पंचवीस वर्षांच्या नोकरीशी कोण वाद घालणार? तिनं हात जोडले आणि आत गेली.

४

रोज पहाटे शेखर नवा रायपूरच्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर जायचा आणि आठच्या आत घामाघूम होऊन परत यायचा. पहिले दिवस तो कण्हत यायचा, नंतर शीळ घालत येऊ लागला. फाटकातून आत येताना पाय थांबवला की मागच्या चाकाची बारीक टिकटिक यायची. ती ऐकली की लता चहा ठेवायची.

महिन्याभरात कंबर चार इंच उतरली. "पापा, आप तो हीरो हो गए," देवश्री म्हणाली. कॉलनीतल्या बायका लताला चिडवू लागल्या. चिडवून घ्यायला तिलाही बरं वाटत होतं.

मग एका सकाळी शर्टाची बटणं लावताना शेखर म्हणाला, "हे बाही आखूड झाली व."

मनगटाचं हाड उघडं दिसत होतं. नवीन कापड पहिल्या दोन धुण्यांत आटतं, त्यात काय मोठं? तिनं दुसरा शर्ट दिला. तो तीन वर्षांचा होता, आटायचं ते कधीच आटून झालेला. त्याचीही बाही तेवढीच वर गेली.

दुपारी तिनं वही काढली. संध्याकाळी तिनं शेखरला दारात उभं करून माप घेतलं. वहीत बाही साडेबावीस होती, आता चोवीसच्या वर. पँटची लांबी अडतीस होती, आता साडेचाळीस. टेप जुनी होऊन ताणली असेल, हा विचार पहिला आला. पण ताणलेली टेप माप कमी दाखवते, जास्त नाही, हे तिच्यासारखीला कोणी सांगायची गरज नव्हती. तिनं देवश्रीची शाळेची पट्टी आणली. पट्टीनंही तेच सांगितलं.

"व्यायामानं पाठ सरळ होते," शेखर म्हणाला.

"पाठ होते. हात कसा होतो?"

तो हसला आणि आत जायला वळला. स्वयंपाकघराच्या चौकटीशी त्यानं आपोआप मान खाली घातली. चौकट आणि त्याचं डोकं यांच्यात अजून वीतभर जागा होती. लताला हसू आलं, पण नवी मापं तिनं वहीत लिहिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो सायकलवरून आला, तेव्हा तिनं नीट पाहिलं. पाय पॅडलवर पूर्ण टेकले होते. कोपर सैल, पाठ लांब, जराही ओढाताण नाही. सीट होती तिथेच होती.

५

शेखर वांगी खात नव्हता. नुसता वास आला तरी त्याचा घसा खाजायचा, म्हणून लग्नापासून या घरात वांगं आलं नव्हतं. गुरुवारी तो बाजारातून पिशवीभर घेऊन आला.

"भरली वांगी कर आज. मस्त तिखट."

"अहो, तुमाले चालत नाही ना."

"काहून नाही चालत?" त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. तो खरंच विचारत होता.

तिनं केली. त्यानं चार खाल्ली, बोटं चाटून. घसा खाजला नाही. लता उठली, पुढच्या खोलीत आली, दार लोटलं आणि अभनपूरला फोन लावला. सायकल परत घेता का, एवढंच विचारायचं तिच्या मनात होतं. फोन शांताबाईंनी उचलला.

"मले वाटलंच होतं, एवढ्यात तुमचा फोन येईन," त्या म्हणाल्या. आवाज खूप आनंदात होता. "कसे आहेत?"

"सायकल बरी आहे. पण काकू..."

"वांगी मागितली का?"

लतानं लोटलेल्या दाराकडे पाहिलं.

"किती खाल्ली?"

"चार," लताच्या तोंडून निघून गेलं.

"हो, चारच खातात. पाणी नाही पीत मग. ताक मागतात."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "लता, ताक आहे का व?"

लता मशीनच्या स्टुलावर बसली. फोनमध्ये शांताबाई आता रडत होत्या, की हसत होत्या, ते कळत नव्हतं.

"बाई, तुमच्या पाया पडते. एक ऐका. सायकलीची मापं बदलू नका. माझ्यासारखं करू नका."

लतानं फोन ठेवला. आधी भीती वाटली, मग ती तापली. दुसऱ्या घरची बाई माझ्या नवऱ्याच्या ताटातली वांगी मोजते! आणि वर सांगते, बदलू नका! हिला कोण परत हवं आहे, ते न कळायला लता काही दूधखुळी नव्हती. बदलू नका म्हणते ना? मग तेच करायचं.

६

तिनं शेखरला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, तो हसेल. तो हसला नाही.

"आज हजेरीत सही करताना नाव आठवायले वेळ लागला," तो खालच्या आवाजात म्हणाला. "एवढंसं नाव माझं. लता, मले भ्या वाटून राहिलं."

त्याच्या त्या लांब बोटांचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला. हातात हात मावेना. पण भ्यायलेला माणूस तिचाच होता, ओळखीचा, चेष्टेखोर, मधुमेहाच्या गोळ्या विसरणारा. याला ती असा जाऊ देणार नव्हती.

रविवारी दुपारी व्हरांड्यात तिनं मापाची वही उघडली. "तुमचं ड्रॉइंग आता हे," ती म्हणाली. "माझ्या अक्षरातलं."

ती वाचत गेली आणि तो एलन कीचा पाना घेऊन करत गेला. पायाची आतली शिवण सत्तावीस. त्यावरून सीटचा दांडा खाली, अजून खाली, पार फ्रेममध्ये गडप. बाही साडेबावीस, हँडल मागे घेतलं, त्यासाठी हँडल धरणारा आखूड तुकडाही त्यानं आणून ठेवला होता. खांदा साडेसोळा, ब्रेकचे दांडे आत वळवले. एकेक माप झालं की ती वहीत बरोबरची खूण करायची. देवश्री पायरीवर बसून कोल्ड्रिंक पीत होती आणि म्हणाली, "आप दोनों ना, सच्ची में पागल हो."

काम झालं. आता ती जुन्या शेखरच्या अंगाबरहुकूम सायकल होती, शर्ट बेतावा तशी. त्यानं बसून पाहिलं. गुडघे हँडलला आपटले, कोपरं बाहेर गेली, सर्कशीतल्या अस्वलासारखा दिसायला लागला. लता हसत सुटली, मग तोही, मग पोरगी. कित्येक दिवसांनी तिघं एवढं हसली.

"सायकल आता माझ्याच मापाची, अन् मलेच होत नाही," शेखर डोळे पुसत म्हणाला.

"होईन. जसे वाढले, तसे कमी व्हाल. तीन आठवडे धरा."

त्या दिवशी लताला फार हलकं वाटलं. इतकं साधं होतं, आणि आपण उगाच घाबरलो. कापड चुकलं की उसवायचं आणि पुन्हा बेतायचं.

७

सोमवारी तिनं माप घेतलं, फरक नाही. मंगळवारी नाही. बुधवारीही टेप चोवीसच्या वरच राहिली, पण लता खचली नाही. वाढायला महिना लागला होता, तीन दिवसांत काय होणार?

गुरुवारी सकाळी उजाडलेलं होतं. ती पेंगत पडली होती, तेव्हा व्हरांड्यातून टिकटिक आली. सायकल हातात धरून चालवली की येते तशी, सावकाश. मग फाटकाची कडी वाजली. शेजारची जागा रिकामी होती. म्हणजे हा निघाला? त्या आखूड सायकलवर? ती लगबगीनं उठून बाहेर आली.

सायकल रस्त्याला लागली होती. आणि तिच्यावर शेखर होता.

तिचा शेखर. आखूड मान, गोल पाठ, मागे रुपयाएवढं टक्कल, तिनं दिवाळीला शिवलेला चौकड्यांचा शर्ट. खांद्याची शिवण बरोबर खांद्यावर होती. पाय पॅडलवर असे पडत होते की जणू सायकल त्याच्यासाठीच जोडली होती. लताच्या डोळ्यांत पाणीच आलं. झालं! एका रात्रीत झालं!

"अहो! चहा तर घेऊन जा!"

त्यानं मागे पाहिलं नाही. वळणाशी फक्त एक हात वर केला, स्टेशनवर गाडी सुटताना करतात तसा, आणि तो वळला.

लता हसतच आत आली. चहाचं आधण ठेवलं, आलं ठेचलं, साखर घालताना शुगर आठवून अर्धा चमचा परत काढला. शांताबाईंना फोन करून चांगलं सुनवायचं, असं तिच्या मनात आलं.

बाथरूमचं दार उघडलं. ओला टॉवेल खांद्यावर टाकलेला एक उंच माणूस बाहेर आला आणि चौकटीखाली मान घालून स्वयंपाकघरात शिरला. आता चौकटीखाली खरंच मान घालावी लागत होती.

"सकाळी सकाळी कोणाले आवाज देऊन राहिली?" त्यानं विचारलं. आवाज प्रेमळ होता, आणि डोळे मोकळे होते, अजिबात न घाबरलेले.

लतानं चमचा ओट्यावर ठेवला. "तुम्ही... आतच होते?"

"मग कुठं जाईन? आंघोळ करत होतो."

ती धावली. चपलाही घातल्या नाहीत. व्हरांड्यात काळ्या धुळीत टायरची एकच रेघ होती, फाटकाकडे गेलेली. वळणावर दूधवाला कॅन उतरवत होता.

"यांना पाहिलं का? सायकलवर?"

"हव भउजी, अभीच गिस हे. मोला हाथ घलो हलाइस," तो छत्तीसगढीत कौतुकानं म्हणाला, आत्ताच गेले आणि हातही हलवला म्हणून. "पहली असन मोटा होगे हे भैया." भैया पुन्हा पहिल्यासारखे जाड झाले, म्हणे.

पुढचा रस्ता सरळ होता आणि रिकामा होता. तिनं डोळे ताणून पाहिलं, पुन्हा पाहिलं. एकोणीस वर्षं ज्याचं अंग तिनं टेपनं ओळखलं, तो माणूस त्या रस्त्यानं गेला होता. आणि एकेक माप वाचून, खूण करून, त्याला तिनंच वाट करून दिली होती. अभनपूरच्या त्या कागदावरही बाईचंच अक्षर होतं. ती वळणापलीकडे आणखी थोडी धावली, मग थांबली. मागून लांब लांब पावलं टाकत कोणीतरी येत होतं, सावकाश, घरच्या माणसासारखं.

"चल घरी," तो म्हणाला. "चहा उकळून राहिला."

त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात फार वरून आला.